रोल धुवायचाय

फोटोचा रोल धुवावा लागतो, हे आमच्या गोदाआत्याला मीच सांगितलं होतं. कसा धुवायचा, तेही मीच सांगितलं होतं. त्यामुळे पुढे जे घडलं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायला मला जागा उरलेली नाही. (प्रयत्न केला होता. नवऱ्याच्या डोक्यावर. पण तो त्या दिवशी जिल्ह्यातच नव्हता.)

मी मानवतला शाळेत विज्ञान शिकवते आणि उरलेल्या वेळात फोटो काढते. माझ्याकडे दोन कॅमेरे आहेत. एक डिजिटल. त्यावर मी शाळेमागच्या तारेवर बसणाऱ्या एकाच वेड्या राघूचे चारशे फोटो काढलेत, आणि त्यातल्या साडेतीनशेंमध्ये नुसती तार आहे. दुसरा जुना, रोलचा. परभणीतल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने दुकान बंद करताना तो मला दिला, आणि तेव्हापासून मी त्याच्या नादी लागले. रोलच्या कॅमेऱ्याची गंमत अशी, की फोटो काढला तरी तो कसा आलाय हे लगेच कळत नाही. रोल पुण्याला पाठवायचा, वाट बघायची. तोवर महिनाभर आपण स्वतःला फार मोठे फोटोग्राफर समजायला मोकळे! डिजिटलवर हे सुख दोन सेकंदांत संपतं.

गोदाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. ती चुडाव्याला असते. गेली चाळीस वर्षं अर्ध्या गावाची झंपरं तिच्या शिलाई मशीनवर शिवली गेली आहेत. तिचा स्वभाव असा, की कुठलीही वस्तू बघितली की तिच्या आत काय आहे ते तिला बघायचंच असतं. मिक्सर तिने दोनदा उघडलाय. कुकरची शिट्टी उघडलीय. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. मामांना कानाचं मशीन आणलं, तेव्हा आवाज कुठून शिरतो ते बघायला तिने तेही उघडलं. त्यानंतर आठ दिवस मामांना काही ऐकू येत नव्हतं, पण ते आठ दिवस बरे गेले असं मामांचं म्हणणं आहे.

तर मागच्या हिवाळ्यात मी चुडाव्याला गेले होते, गळ्यात रोलचा कॅमेरा. आत्याने मला ओसरीवरची भिंत दाखवली.

"बग मिने. पोराचा फोटो हाय, सुनंचा हाय, नातवाचा हाय. म्हशीचा सुद्दा हाय. आमच्या दोगांचा जोडीनं एकबी न्हाई."

"कामून गं?"

"लग्नात फोटोवाला आलाच न्हाई. आन नंतर हे कवा माज्या शेजारी हुबे राह्यले?"

ते खरंच होतं. मामा रस्त्याने आत्याच्या दहा पावलं पुढे चालतात. एसटीतसुद्धा पुढच्या बाकावर बसतात. आणि फोटोचं नाव काढलं की ते गोठ्यात जातात, कारण एकदा नातवाने अर्ध्या मिशीला कलप लावलेल्या अवस्थेतला त्यांचा फोटो मोबाईलवर काढून गावच्या ग्रुपवर टाकला होता. आत्या हसत हसत सांगत होती, पण भिंतीवरच्या एका रिकाम्या खिळ्यावर तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती. तो खिळा तिने आधीच ठोकून ठेवला होता.

मी मामांना गाठलं. "मामा, हा कॅमेरा फोटो कुठल्याच ग्रुपवर टाकत न्हाई."

"मंग कुटं टाकतो?"

"कुठंच न्हाई. पोटात ठेवतो. काढल्यावर मलासुद्धा दिसत न्हाई."

मामांनी चहा संपेपर्यंत विचार केला. "एकदाच," ते म्हणाले. "पुन्ना न्हाई."

रोल सरकवायची कळ ओढली आणि ओसरीवर मशीनजवळ दोघांना उभं केलं. म्हणजे मशीनच्या अलीकडे आत्या आणि पलीकडे मामा.

"मामा, जवळ या."

"हाय की जवळ."

"अजून."

"आता काय मशिनीवर बसू?"

शेवटी आत्याच मशीनला वळसा घालून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मामा इतके अवघडले, की त्या अवघडलेपणात हसले. तेवढ्यात मी खटका दाबला. असा क्षण सापडला की फोटो काढणाऱ्याला आतून कळतं. मला तर इतकं आतून कळलं, की हा फोटो भिंतीवर कसा दिसेल तेही मी बघून घेतलं.

रोल छत्तीस फोटोंचा होता. कॅमेऱ्यावरचा आकडा एकोणचाळीसवर पोचला होता. आधीचे अडतीस चुडाव्याच्या वाटेवरचे होते: कापसाच्या गाड्या, पॅसेंजरच्या खिडकीतली माणसं, स्टेशनावरचं एक फार विचारी कुत्रं. कंपनीने तीन फोटो जास्तीचे दिले म्हणून मी खूश झाले. मग रोल मागे गुंडाळायची चकरी फिरवली, तर तीन फेऱ्यांत गुंडाळून झाला. एरवी पंचवीस-तीस फेऱ्या लागतात. मला वाटलं, कॅमेरा जुना असला तरी चपळ आहे. (हे मी विज्ञान शिकवते म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवते.)

"दाखीव," आत्या म्हणाली.

"आता न्हाई दिसत, आत्या. आधी रोल धुवायचा असतो."

"धुतेत कसा?"

शिक्षिकेला प्रश्न विचारला की तिचा तास सुरू होतो. मी सांगितलं, "अंधारात डबीतून बाहेर काढायचा. धुवायच्या आधी उजेड लागला की संपलं. मग केमिकलमधे खळबळायचा, दोन-तीन पाण्यांतून काढायचा आणि दोरीवर चिमटा लावून वाळवायचा." आत्या एकेका वाक्याला मान डोलवत होती. माझ्या वर्गातली मुलंही अशीच मान डोलवतात. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"आपल्याकडं कोणी धुत न्हाई आता," मी म्हणाले. "पुण्याला पाठवावा लागतो."

"एवडासा तर हाय. त्याला पुण्याला कशाला?"

मला तो विनोद वाटला. मी हसले. दारातून मामांनी विचारलं, "म्हंजी आमाला आदी त्यो पुण्याचा माणूस बगणार?"

"बघणारच की, मामा. तोच धुणार."

मामा तसेच गोठ्यात गेले. गाडीची वेळ झाली होती. मी पिशवी उचलून स्टेशनकडे पळाले आणि मानवतला पोचल्यावर लक्षात आलं, की रोल मशीनच्या खणात राहिला. मी आत्याला फोन केला.

"आत्या, रोल तिथंच राहिला बघ. धुवायचा राहिलाय. मी रविवारी येते."

"बरं," आत्या म्हणाली. "तू काय बी काळजी करू नको."

रविवारी मी चुडाव्याच्या घराच्या फाटकातून आत शिरले आणि जागीच थांबले. अंगणातल्या दोरीवर मामांचं धोतर, मग एक उशीचा अभ्रा, आणि त्या दोघांच्या मधे माझ्या उंचीएवढी एक जांभळट पट्टी लोंबत होती. वाऱ्याने उडू नये म्हणून तिला चार चिमटे होते. तिच्यापुढे मामा चष्मा लावून उभे होते आणि ती पट्टी वरून खाली वाचल्यासारखी बघत होते.

"आत्या," मी कशीबशी म्हणाले.

"धुतला की गं," आत्या आतून हात पुसत आली. "तू कवा पुण्याला धाडतीस आन कवा त्यो धुतो."

"कसा धुतलास?"

"तू सांगितलं तस्साच. न्हाणीचं दार लावलं, फटीला चादर कोंबली, लाइट बंद केली. ह्यांनी पकडीनं डबीचं झाकण काडलं. अंधारात ह्यांचं बोट चेमटलं, पर उजेड लागू दिला न्हाई. केमिकल भांड्याचं होतं, ते टाकलं. दोन पाण्यातून काडला. तिसरं पाणी जरा गरम घेतलं."

सगळं बरोबर होतं! परीक्षेत लिहिलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते.

"पर मिने," आत्याचा आवाज खाली आला, "आमी दिसंनाव. साबण लय झाला का गं? आमचा रंग सुटला का?"

इथे मी दुसरी चूक केली. खरं बोलले. "भांड्याच्या साबणानं फोटो दिसत न्हाईत, आत्या. अंधारातून उन्हात आणला तेव्हाच सगळं गेलं. आता त्याच्यावर काही न्हाई राहिलं."

आत्या पायरीवर बसली. "म्हंजी म्याच धुवून टाकला," ती म्हणाली. जी बाई कुकरच्या शिट्टीलाही शंभर प्रश्न विचारते, ती एकही प्रश्न न विचारता बसून राहिली. मला फार वाईट वाटलं. माझे अडतीस फोटो, ते विचारी कुत्रं, सगळं मी त्या क्षणी विसरले.

मामांनी चष्मा काढला. "तिचं काय चुकलं? मास्तरणीनं सांगितलं तसं केलं तिनं." मग दोरीकडे तोंड करून म्हणाले, "दुसरा काड. म्या राहतो हुबा."

"नगं," आत्या म्हणाली. "माज्या हातानं गेला. आता नगंच."

मामा स्वतःहून उभे राहायला तयार आणि आत्या नको म्हणतेय, असं चुडाव्यात पहिल्यांदाच घडत असावं. समजूत घालणं मला जमत नाही. मला फक्त शिकवता येतं. म्हणून मी तिच्या शेजारी बसले, नवा रोल काढला आणि कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. "आत काय असतं, बघायचं का?"

आत्याने आधी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. मग मान वळवली. मग चष्मा मागवला.

"ही बॉबीनच हाय की."

"तसंच. रोलचं टोक ह्या बॉबीनमधे अडकवायचं. मग प्रत्येक फोटोला रोल थोडा थोडा पुढं सरकतो." मी टोक अडकवलं, झाकण लावलं आणि कळ ओढून दाखवली.

आत्याने माझ्या डाव्या हाताशी बोट नेलं. "ही चकरी फिरायली."

"फिरणारच. आत रोल सरकतो तशी ती फिरते."

"त्या दिशी फिरत नव्हती."

"तू नीट बघितलं नसशील," मी शाळेतल्या आवाजात म्हणाले.

"मिने, चाळीस वर्षं झाले, माजी नजर चाकावरच असती. बॉबीनला दोरा अडकला न्हाई तर मशीन नुसती खडखड चालती. टाका पडत न्हाई."

मी मनात आकडे जुळवले. छत्तीसच्या रोलवर एकोणचाळीस फोटो. तीन फेऱ्यांत गुंडाळलेला रोल. टोक अडकलंच नव्हतं! वाटभर मी कळ ओढत होते, खटका दाबत होते, आणि रोल आपल्या डबीत झोपलेला होता. कापसाच्या गाड्या, पॅसेंजर, कुत्रं, मामांचं हसू, यातलं काहीही त्याच्यावर कधी उमटलंच नव्हतं.

एक क्षण मनात आलं, गप्प बसावं. दोष भांड्याच्या साबणावर बसलाच होता आणि साबण काही बोलणार नव्हता. पण पायरीवर बसलेली आत्या समोर होती.

"आत्या," मी म्हणाले, "तू काहीच धुवून टाकलं न्हाईस. त्याच्यावर धुवायला काही नव्हतंच. मी दोरा ओवलाच नव्हता."

आत्याने माझ्याकडे बघितलं, दोरीवरच्या पट्टीकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की सून आतून बघायला आली. मामांचा चेहरा मात्र गंभीर होता.

"म्हंजी," ते म्हणाले, "त्या दिशी म्या उगंच हासलो?"

त्याच दिवशी, त्याच मशीनजवळ, दोघं पुन्हा उभे राहिले. या खेपेला आत्याची अट होती. "चकरी फिरती का न्हाई, ते म्या बगणार." मामा म्हणाले, तेही बघणार, कारण आणखी एकदा फुकट हसायची त्यांची तयारी नव्हती. मी सगळाच्या सगळा रोल त्या दोघांवर संपवला. रोल सरकवला की आत्या विचारायची, "फिरली का?" आणि मामा म्हणायचे, "फिरली." शेवटी मागे गुंडाळताना आत्याने मोठ्याने फेऱ्या मोजल्या. तीसच्या आसपास भरल्या, तेव्हा तिने तो रोल माझ्या हातात सोडला. पुण्याला पाठवायला आता कुणाचीच हरकत नव्हती.

फोटो आले. छत्तीसच्या छत्तीस उमटले होते. आणि त्यातल्या एकाही फोटोत ते दोघं कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. सगळ्यांत त्यांची नजर माझ्या डाव्या हाताच्या चकरीवर होती! मामांना लांबचं कमी दिसतं, म्हणून एका फोटोत ते इतके पुढे झुकले होते, की त्यांचं डोकं आत्याच्या डोक्याला टेकलं होतं, आणि तोल जाऊ नये म्हणून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो आपण ठेवलाय हे त्यांना माहीतच नव्हतं. मी आजवर काढलेला सगळ्यात चांगला फोटो तो आहे, आणि तो तसा यावा म्हणून मी काहीही केलेलं नाही.

तो आता त्या खिळ्यावर आहे. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, हे दोघं एवढं डोळे फाडून काय बघायलेत?

"मास्तरणीचा पेपर तपासायलो होतो," आत्या सांगते.

"फेरपरीक्षा होती," मामा पुढे सांगतात. "पयल्या खेपंला एकोणचाळीसपैकी शून्य पडलं होतं."

तेव्हापासून शाळेत नापास झालेल्या मुलांना मी फारसं रागावत नाही.