मास्तरांच्या पदातलं मौन

लग्नाआधी माझी आई रायपुरात संगीत नाटकांतून गायची. ज्यांच्या चाली ती गायली, ते मास्तर पुढे फार मोठे झाले, म्हणजे वारल्यानंतर.

नवं राज्य झालं आणि राज्याला आपले थोर लोक हवे झाले. मास्तरांवर आधी एक पुस्तिका निघाली, मग प्रबंध, मग त्या प्रबंधाला खोडून काढणारा दुसरा प्रबंध. सगळ्यांचा जीव एकाच जागी अडकलेला. एका जुन्या प्रयोगाच्या टेपवर नायिकेचं पद मधेच थांबतं. पेटी चालू, गाणं बंद. एकाने त्याला शोक म्हटलं, दुसऱ्याने बंड. नायिका म्हणजे माझी आई.

एक शोधछात्रा घरी आली. पोट्टी मराठीच, पण बोलायची हिंदीत. "आजी, वो मौन मास्तरजी ने कैसे सिखाया था?"

"शिकवते कायचे? मी ओळ भुलली होती. मास्तर पेटीमागून डोळे वटारून राहिले होते."

मुलीचं पेन थांबलं. "आजी, ये लिखूँगी तो गाइड नहीं मानेंगे."

मग नवा रायपूर या शहराबाहेरच्या नव्या राजधानीत चर्चासत्र झालं. आईला शाल द्यायची होती. तिकडे बसच्या भरवशावर निघालेला माणूस आभारप्रदर्शनालाच पोचतो, म्हणून मी तिला गाडीने नेलं. माईक हाती येताच तिने पुन्हा तेच सांगितलं. सभागृहात हशा, टाळ्या. अध्यक्ष म्हणाले, "देखिए, इसे कहते हैं विनम्रता!"

परतताना शहरात शिरलो तेव्हा, पंडरीच्या बाजारापाशी, आईने शाल उलगडून पाहिली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मले त्या चुकीची लाज वाटत होती. अन् या लोकायनं ते चूक मास्तरले देऊन टाकली. काहून रे?"

मला हसू आलं. तिला नाही.

त्या मुलीचा प्रबंध पास झाला. आईला त्यात तळटीप मिळाली: गायिका हे विस्मरण असल्याचे सांगते, परंतु वयोमानानुसार तिच्या स्मृतीवर विसंबता येत नाही. ती तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि भाजी निवडायला बसली.

आता पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, मुली संगीताच्या परीक्षेसाठी ते पद शिकायला तिच्याकडे येतात. अभ्यासक्रमात मौन चार मात्रांचं धरलंय. परवा एक मुलगी न थांबता सरळ पुढची ओळ गाऊन गेली, अगदी सुरात. आईने मांडीवर थाप मारली.

"थांब नं बाई तिथं! मार्क कटतात."