दहा शिंगांचे मास्तर

नवा माणूस समोर आला की आमचे सासरे आधी त्याच्या कपाळाकडे बघत. त्यांना तिथे शिंगं दिसत. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, पण अख्खं आदिलाबाद त्यांना शिंगमास्तर म्हणे, आणि त्यांना ती पदवी वाटे.

बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण. त्यात समुद्रातून एक श्वापद वर येतं, सात डोक्यांचं, दहा शिंगांचं. मास्तरांनी ते मांजरपाटाच्या चादरीवर रंगवलं होतं. रविवारची उपासना संपली की चादर ओसरीत टांगली जाई, आणि घरी वरण गार होत असलेली चार माणसं मास्तरांच्या तावडीत सापडत. पहिलं डोकं मंडल कचेरीतल्या बड्या बाबूचं. दुसऱ्यावर टीव्हीचा अँटेना. तिसरा कापूस तोलणारा काटेवाला. चर्चचे पाळकसाहेब भीत भीत म्हणत, "मास्तर, विद्वान म्हणतात हे श्वापद म्हणजे त्या काळचं रोमी साम्राज्य."

"रोम लय लांब हाये, पाळकसाहेब. जवळचं बोला ना!"

पुढच्या रविवारी चौथ्या डोक्याला पाळकसाहेबांचा चष्मा आला. पाचवं डोकं मास्तरांच्या सख्ख्या भावाचं आणि सहावं शाळेच्या हेडमास्तरांचं. सातवं मात्र कोरं होतं. कोरं चालेल, कमी चालणार नाही. "या पुस्तकातलं एक अक्षर जो गाळील, त्याचा सोर्गातला वाटा गेला समजा," असं ते चादर उलगडताना आणि गुंडाळताना, दोन्ही वेळा बजावत.

या कोऱ्या डोक्यापायी त्यांच्या मुलीचं, मार्थाचं, लग्न अडलं होतं. "सातवं कोन हाये ते कळू दे. तेच जावई होऊन आलं तर?" हा मास्तरांचा सवाल. "बाबा, जगबुडीच्या आधी तरी माह्यं लगन होईल का?" हा मार्थाचा. तिला सत्ताविसावं लागलं होतं.

मुलगा बघायला आला की मास्तर त्याची परीक्षा घेत. सात डोक्यांवर दहा शिंगं कशी बसवायची? हा हिशेब त्यांना स्वतःलाच सुटला नव्हता, म्हणून चादरीवर डोकी रंगात आणि शिंगं खडूत होती. दर आठवड्याला पुसून नवी मांडत. एक शिक्षक म्हणाला, हे नुसतं रूपक आहे. त्याला चहासुद्धा मिळाला नाही. दुसरा बँकेतला. त्यानं भागाकार करून दर डोक्यामागे एक शिंग आणि वर थोडा तुकडा काढला. "तुकडा?" मास्तर म्हणाले, "देवाच्या पुस्तकात तुकडा?"

तिसरा मी. गुरांच्या दवाखान्यातला सहायक. मी ताठ बसून म्हणालो, "मास्तर, तीन डोक्यांना जोडी, चौघांना एकेक. एकशिंगी बैल तर मी रोज बघतो."

मास्तर बोटांवर मोजत राहिले. मग डोळे पुसत म्हणाले, "वीस वर्सं झाले. पाळकालेही नाही सुचलं."

मलाही सुचलं नव्हतं. आदल्या आठवड्यात मार्था पोट फुगलंय म्हणत शेळी घेऊन दवाखान्यात आली होती. मी शेळीचं पोट चोळत असताना तिनं हलकेच सांगितलं, "तीन जोड्या, चार एकेक. इसरू नका." शेळीला काहीही झालं नव्हतं. बैलाचं वाक्य तेवढं माझं, आणि त्यावर मी आजवर मिशीला पीळ देत आलोय.

लग्न झालं. मास्तरांनी दहाही शिंगं लाल रंगानं पक्की केली. वर्षभरात माझी बदली नार्नूरला झाली. स्टँडवर मार्थाची ट्रंक टपावर चढवताना मास्तर माझ्या कपाळाकडे एकटक बघत होते. गाडी सुटताना म्हणाले, "जावईबापू, सातवं सापडलं."

"कोण हो?"

"हाये एक."

माझी खात्री होती, दवाखान्यातले आमचे डॉक्टरसाहेब. पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्याकडे बघून मनातल्या मनात हसलो. चादर मात्र मास्तरांनी पुन्हा टांगली नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मास्तर गेले. दफन उरकून परतल्यावर मार्थानं पेटीतली चादर काढली. सातव्या डोक्यावर मी होतो. तीच पिळलेली मिशी, तेच मोठे कान, तोंडावर तोच परीक्षा पास झाल्याचा भाव. खरंच आहे, ज्यानं घरातली एकुलती एक पोर बसमध्ये घालून नेली त्याला श्वापद नाही तर काय म्हणायचं? मार्था मात्र बोटानं शिंगं मोजत होती.

"नऊ," ती म्हणाली. पुन्हा मोजली. "नऊच हाये हो."

माझ्या कपाळावरचं एकुलतं शिंग पांढऱ्या रंगानं नीट झाकलेलं होतं.

एक अक्षर गाळलं तर स्वर्गातला वाटा जातो म्हणणाऱ्या माणसानं माझ्यापायी अख्खं शिंग गाळलं होतं. त्यांच्या वाट्याचं तिथे काय झालं असेल, या काळजीनं आता दर रविवारी मी पहिल्या बाकावर बसतो. मार्था म्हणते, झोपायला. पण डोळे मिटून मी त्यांचीच रदबदली करत असतो.