भिंतीकडे तोंड करून वाचणारा

संस्थान विलीन झालं, त्या वर्षी गोरखी राजवाड्याजवळच्या आमच्या शाळेत एक संशोधक आला. सरदारांची आणि फौजेतल्या शिपायांची मुलं एका वर्गात बसवावीत का, यावर तेव्हा वाद पेटला होता. दोघांच्या स्मरणशक्तीत खरंच फरक असतो का, एवढंच त्याला पाहायचं होतं. मी तिथे शिक्षिका होते.

त्याने चिठ्ठ्या टाकून मुलांच्या जागा ठरवल्या आणि भिंतीकडे तोंड करून एका सुरात शब्द वाचायला घेतले; मुलांनी ते आठवून कागदावर लिहायचे होते. मुलं खुसखुसली.

हेडमास्तर म्हणाले, "साहेब, हुशार मुलं कोणती ते सांगून ठेवतो."

"नको, सर. कळलं तर माझा चेहरा त्यांना मदत करेल. मुलांना चेहरे बरोबर वाचता येतात."

मधेच एक मुलगी रडू लागली. तो वळला नाही. वाचन संपल्यावर मात्र त्याने तिला जवळ बसवून पाणी दिलं, आणि मग सगळ्यांचे कागद गोळा करून फाडून टाकले.

"हे काय?" हेडमास्तर चिडले.

"ती रडल्यावर माझा आवाज थरथरला. उद्या नवे शब्द घेऊ."

मला काहीच जाणवलं नव्हतं.

पुढे सरकारी हुकूम आला आणि मुलं एका वर्गात बसली. त्याच्या निष्कर्षाची वाट कुणीच पाहिली नाही.