आमचं घोंगडं

लोकरीचा ओलसर वास आला की सोलापुरातल्या त्या संग्रहालयातला दिवस आठवतो. शाळेनं आम्हाला पालकांसोबत नेलं होतं आणि तिथं मुलांना मेंढपाळासारखं सजवून फोटो काढत होते. सांगोल्याहून आलेले माझे वडील खांद्यावर नेहमीचं काळं घोंगडं टाकून रांगेत उभे होते. "काका, प्रदर्शनातलं घोंगडं जागेवर ठेवा," रखवालदार म्हणाला. "आमचं हाय की ते," वडील हळूच म्हणाले, पण सगळे बघताहेत म्हणून ते काढायला लागले. मी चारचौघांत कधी बोलत नसे. तेव्हा पुढं झाले. त्यांच्या हातातून घोंगडं घेतलं, इंग्रजी शाळेच्या युनिफॉर्मवर पांघरलं आणि सगळी दालनं तशीच फिरले. आता ऑफिसच्या एसीत तेच माझ्या अंगावर असतं. कुणी विचारलं नाही तरी सांगते, आमचं आहे.