जॅकवर गप्प राहिलेलं चाक

मंडळी, दम्मामच्या माझ्या टायरच्या दुकानात आज मी थोडक्यात वाचलो.

अबू फहद या सौदी गिऱ्हाइकाने जुन्या मोटारीत दणकट इंजिन घालून हॉट रॉड बनवली आहे. उद्या त्याला आपल्या पोरींना मागे बसवून अबकैक गावाला जायचंय. मागच्या चाकांना त्याला रुंदच टायर हवे होते, मीही तेच काढून दिले. जॅकवर चाक फिरवलं. माझे कान तिखट, पण कुठे घासल्याचा आवाज नाही. म्हटलं, "खलास, आवळा नट!"

आमचे रत्नागिरीचे फिटर सलीमचाचा पान्हा ठेवून म्हणाले, "शेठ, पोरी काय हवेत बसणार काय? गाडी खाली घ्या, मागे माणसं बसवा."

गिऱ्हाइकासमोर! राग आलाच. तरी मी आणि अबू फहद, दोघे जाडे, मागे बसलो. चाचांनी गाडी गतिरोधकावरून नेली आणि खर्रकन आवाज आला. वजनाने गाडी मागे दबून टायर मडगार्डच्या पत्र्याला घासत होता. हायवेवर फाटलाच असता.

अबू फहदने अरुंद टायर निवडले आणि इथल्या रीतीप्रमाणे आदराने चाचांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मी मात्र नुसता "बरं झालं" पुटपुटलो. म्हणून इथे मोठ्याने सांगतो: चाचा, उपकार झाले.

तुमच्याकडे, गिऱ्हाइकासमोर मालकाला अडवायची हिंमत कोणाला आहे?