दोन वाजताचा थेंब

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आम्ही बंगळुरूलाच करून घेतलं. डॉक्टरांनी डोळ्यात घालायच्या थेंबांच्या तीन बाटल्या दिल्या, तिन्हींच्या वेळा वेगळ्या. फोनचे अलार्म मी न बघताच बंद करतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिता पिता, कॉम्प्युटरवर एक साधी टेक्स्ट फाइल उघडली. एका ओळीत एक आठवण: आधी मिनिट, मग तास, मग पडद्यावर काय दिसायला हवं ते. बाकीचं कॉम्प्युटर बघतो.

दहाची आठवण बरोबर आली. मी खूश झालो आणि घरूनच कामाला बसलो. मीटिंगांमागून मीटिंगा. तरी मधूनमधून काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. घड्याळात पाहिलं तर पावणेचार.

दोनची आठवण आलीच नव्हती. फाइल उघडली. तासाच्या जागी मी १४ ऐवजी नुसता २ लिहिला होता. म्हणजे पहाटेचे दोन.

हेडफोन काढून धावतच आईच्या खोलीत गेलो. ती काळा चष्मा लावून पडून होती.

"आई, दोनचा थेंब राहिला. दुखतंय का?"

"राहिला कुठे? समोरच्या अक्कांनी घातला."

समोरच्या अक्का म्हणजे पिढ्यान्पिढ्या इथेच राहणाऱ्या मराठी घरातल्या. आमच्यापेक्षा त्यांची मराठी वेगळी, कानडी मिसळलेली, पण आईची त्यांच्याशी आठवड्यात गट्टी जमली होती.

"मला का नाही हाक मारलीस?"

"तू कुणाशी तरी इंग्रजीत भांडत होतास."

भांडत नव्हतो, मीटिंग चालू होती. संध्याकाळी अक्का भेटल्या, तर म्हणाल्या, "स्वल्प हलली ती, दुसरा थेंब घालावा लागला. सरी, ठीक आहे, काळजी करू नको."

मी फाइलमधली प्रत्येक ओळ दोनदा तपासली. पुढचे चार आठवडे एकही आठवण चुकली नाही. पण मला भरवसा नव्हता. वेळेच्या पाच मिनिटं आधीच मी बाटली हातात घेऊन आईच्या दारात उभा असायचो आणि ती म्हणायची, "अजून वेळ झाली नाही रे. बस जरा."