सूर धरणारा

"जरा सरकून बसा, गुरुजी. तिथं बसत्यात."

आबा माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. देवळापुढच्या ओट्यावर ते एकटेच बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला चांगली ऐसपैस जागा होती, म्हणून मी तिथे टेकलो होतो. उठलो आणि डावीकडे गेलो. कोणीतरी येणार असेल असं वाटलं. त्यांची सनई वाजवून झाली, उन्हं वर आली, तरी कोणी आलं नाही.

मी साताऱ्याचा. सत्तर सालच्या सुमारास माझी बदली सांगलीच्या पूर्वेला, जतच्या रस्त्यावरच्या एका वसाहतीतल्या शाळेवर झाली. कोयनेच्या धरणात ज्यांची गावं गेली, त्यांतली काही घरं तिथे आणून बसवली होती. भातावर वाढलेली माणसं बाजरीच्या मुलखात येऊन पडलेली. आसपासच्या गावचे लोक त्यांना 'पाण्यातले' म्हणत, आणि ही पाण्यातली माणसं प्यायच्या पाण्यासाठी डोक्यावर घागरी घेऊन लांबची विहीर गाठत.

आबा त्यांचे गुरव. देवाची पूजा करायची, पहाटे सनई वाजवायची, दिवसभर सुनेशी वाद घालायचा. भाताशिवाय त्यांचं चालत नसे. "बाजरीनं फुंक जड हुती," असं कारण सांगून ते मधूनमधून तांदूळ शिजवायला लावत. सून म्हणायची, "फुंक न्हाई जड हुत मामंजींची, जीभ हुती."

कोणी त्यांच्या वाजवण्याचं कौतुक केलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "वाजवणारं लय हायती, गुरुजी. सूर धरणारा पायजे."

लग्नात सनईवाले बसलेले तुम्हीही पाहिले असतील. एक जण गाणं वाजवतो. दुसरा त्याच्या शेजारी बसून एकच सूर धरून ठेवतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाण्याला खाली जमीन लागते ती त्याची. नारळ आणि फेटा मात्र पहिल्याला मिळतो, आणि दुसऱ्याचं तोंडही कुणाच्या लक्षात राहत नाही. आबांचा सूर त्यांच्या धाकट्या भावानं धरला होता.

वाजवून झालं की आबा सनई धोतराच्या सोग्याला पुसत बसत आणि गाडी जुन्या दिवसांवर येई. "तवाचं दिस काय सांगू. लगीनसराईत आमी दोगं घराला माहीत नसायचो. ह्या काठाचं लगीन लावलं की नावंत बसायचं, त्या काठाला दुसरं. नावंत बी धाकटा सूर सोडायचा न्हाई. नावाडी म्हणायचा, आरं ह्याच्या तोंडात गूळ तरी घाला कुणी." सांगताना ते असे हसत की आपल्यालाही त्या नावेत बसावंसं वाटे. मग हसणं हळूहळू मावळतीकडे बघण्यात विरून जाई.

धाकटा तापानं गेला, धरणाचं पाणी चढायच्या आधी. त्यांच्यात जाळत नाहीत, माती देतात. नदीकाठी माती दिली. पुढं पाणी आलं.

"देव उचलून आणलं, गुरुजी," ते एकदा म्हणाले. "पाटा-वरवंटा आणला. धाकट्याला कसं आणायचं, सांगा की."

म्हणून ते देवाकडे पाठ करून, आपल्या जुन्या गावाच्या दिशेला तोंड करून वाजवत. सरपंच एकदा चिडले. "आवं आबा, देवाला पाठ दावताय व्हय?"

"देवाला मागनं बी ऐकू येतंय," आबा म्हणाले. "धाकट्याचं तसं न्हाई."

आता त्या सुराचं सांगतो. मी शाळेच्याच एका खोलीत राहत असे. देऊळ हाकेच्या अंतरावर. एका पहाटे तोंड धुताना वाटलं, आज दोघं वाजवताहेत. आबा फुंक घ्यायला थांबले की गाणं तुटायचं, पण खालचा तो एक सूर चालूच राहायचा. मी ओल्या तोंडानं बाहेर आलो. ओट्यावर आबा एकटे होते. त्यांनी पुन्हा सनई ओठाला लावण्याआधीचा तो क्षण, आणि हवेत भरून राहिलेला तो सूर, हे मी नीट पाहिलं आणि नीट ऐकलं.

मी पोरांना विज्ञान शिकवणारा माणूस. भिंतीचा घुमारा असेल, कुठंतरी फुटक्या नळात वारा शिरत असेल, अशी कारणं मी स्वतःला देऊन पाहिली. वारा नव्हता. शेवटी सुनेलाच विचारलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आमाला सवं झालिया. तुमाला बी हुईल."

झाली. माणसाला कशाचीही सवय होते. वर्षभरानं तर मीच हौसेनं म्हणालो, "आबा, मी धरू का सूर? शिकवा मला."

ते खोकला येईपर्यंत हसले. पण मग फडक्यात बांधून ठेवलेली धाकट्याची सनई आणून त्यांनी माझ्या हातात दिली. एकच सूर निघावा म्हणून तिची भोकं मेणानं बुजवलेली होती. पुढचे कित्येक दिवस माझ्या तोंडून फक्त म्हशीचा आवाज निघाला. पोरं वर्गात माझ्याकडे बघून हंबरायची. हळूहळू जमू लागलं, आणि एका पहाटे आबा म्हणाले, "आज बसा."

मी न विचारताच त्यांच्या डाव्या हाताला बसलो. गाणं सुरू झालं, मी सूर धरला. आणि आबांच्या पलीकडून, त्या मोकळ्या जागेतून, दुसरा सूर उठला. माझ्यापेक्षा भरीव, सरावलेला.

आबांनी सनई खाली घेतली. "दोन झालं. एकानं थांबा रं."

मी झटकन तोंडातली सनई काढली.

"तुमाला न्हाई, गुरुजी," आबा म्हणाले.

पलीकडचा सूर थांबला.

तो थांबला तो थांबलाच. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी सनई परत केली, ओट्याकडे फिरकायचंही सोडलं, तरी नाही. आबा पहाटे वाजवायला बसत आणि अर्ध्यातच सोडून देत. जेवण तुटलं. सून तांदूळ शिजवून मिनतवाऱ्या करायची आणि ते ताट सरकवून द्यायचे. "भरल्या पानावरनं उठीवलं म्या त्याला," एवढंच बोलायचे. हा माणूस आता फार दिवस काढणार नाही, हे सुनेला आणि मला, दोघांनाही दिसत होतं.

तेवढ्यात बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, गुरं छावणीत गेली, आणि उन्हाळ्यात बातमी आली की धरणातलं पाणी खूप खाली गेलं आहे, जुन्या गावांची जोती उघडी पडली आहेत. मी सुट्टीसाठी साताऱ्याला निघालो होतो. आबा पिशवी घेऊन दारात उभे राहिले.

"मला म्होरं न्या, गुरुजी. त्याला इचारायचं हाय, सूर धरणार का न्हाई."

एक रात्र ते साताऱ्याला आमच्या घरी राहिले. सकाळी एस.टी. जिथवर जात होती तिथवर गेलो, पुढं उतार पायी उतरलो. खाली सगळा चिखल वाळून भेगाळला होता. भाताची खाचरं अजून ओळखू येत होती. आबा एकेका जोत्यापुढं थांबून त्या त्या मालकाचं नाव घेऊन राम राम घालत चालले. त्यातले बरेचसे लोक वसाहतीत धडधाकट होते, कालच मी त्यांना पाहिलं होतं. तरी त्या राम रामानं मला घाम फुटला.

नदीच्या अंगाला, धाकट्याला माती दिली होती तिथे, दगडांची एक रास होती. आबा तिच्याजवळ बसले आणि लग्नातलं गाणं वाजवू लागले. खाली सूर नसलेलं ते गाणं त्या रिकाम्या खोऱ्यात इतकं उघडं पडलं की मला ऐकवेना. ते थांबले. वाट पाहिली. पुन्हा वाजवलं. काही नाही.

बऱ्याच वेळानं ते बोलले, पण माझ्याशी नाही. "तुला वाजवायचं व्हतं व्हय रं?"

मग माझ्याकडे न बघताच सांगू लागले. "ल्हानपणी एकदा मागितली व्हती त्यानं सनई. म्या म्हनलं, तुझी फुंक लांब हाय, तू सूरच धर. जलमभर धरला त्यानं. पुन्यांदा मागितली न्हाई."

त्यांनी स्वतःची सनई त्या दगडांवर ठेवली. पिशवीतून धाकट्याची काढली, आणि सूर धरला.

मला फक्त तो सूर ऐकू येत होता. आबांना मात्र आणखी काहीतरी ऐकू येत होतं. डोळे मिटलेले, मान हळूहळू डोलायला लागली. मधेच कपाळाला आठी पडे, मधेच गालातल्या गालात हसू येई. भर दुपारच्या उन्हात माझ्या अंगावर काटा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी तो चेहरा इतका सुखी पाहत होतो.

परतीच्या एस.टी.त त्यांनी भूक लागली म्हणून शेंगदाणे मागितले. "चुकतंय अजून," ते चघळता चघळता म्हणाले. "पर हात हाय पोराला."

तेव्हापासून वसाहतीच्या पहाटेला गाणं उरलं नाही. आबा आपली सनई उजव्या हाताच्या जागेवर ठेवत आणि स्वतः नुसता सूर धरून बसत. लोक कुरकुरले. "आबा, नुस्तं भों काय करताय?" ते म्हणत, "शिकतंय पोरगं. जरा दम काढा." ताटातलं मात्र सगळं संपवू लागले. बाजरीसुद्धा.

आज मी साताऱ्यात निवृत्त होऊन बसलो आहे. लग्नाच्या कार्यालयात हल्ली सनईची टेप लावतात. लोक अक्षता टाकतात आणि माझं लक्ष त्या गाण्याखालच्या सुराकडे लागलेलं असतं. बायको कोपर मारून मला जागं करते. वसाहतीतली ती धुळीची, पाण्यावाचूनची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची होती, हे तिथे असताना कधी ध्यानात आलं नाही. आता ते मनाला फार लागतं.

आबांच्या सुराची शेवटची पहाट चैत्रातली. मी शाळेच्या अंगणात उभा होतो. रोजच्यासारखा सूर चालू झाला, आणि थोड्या वेळानं त्याच्यावर गाणं आलं. कच्चं होतं. चाचपडत, एकेक जागा शोधत येणारं, पण तेच, लग्नातलं. मी पावलाचा आवाज न करता ऐकत राहिलो. हलायची भीती वाटत होती.

मग खालचा सूर थांबला.

गाणं एकटंच थोडंसं पुढं गेलं. अडखळलं, आणि तुटलं.

मी पळत गेलो. आबा ताठ बसलेले होते, डोळे मिटलेले, सूर धरायची सनई दोन्ही हातांत. हात लावला तेव्हा कळलं. शेजारची सनई मी उचलून पाहिली. तिची ओठात धरायची पत्ती ओली होती.

मला आबांचं वाईट वाटायला नंतर सगळा दिवस मिळाला. त्या क्षणी वाईट वाटलं ते अर्ध्या गाण्यावर अडलेल्या धाकट्याचं. ती सनई मी पुन्हा तिच्या जागेवर ठेवली, आबांच्या हातातली हळूच सोडवून घेतली, डाव्या बाजूला बसलो आणि सूर धरला. सून हातातलं काम टाकून धावत आली, तेव्हा मी तिला मानेनंच थांब म्हणालो.